मिरीच्या वाटेने कोची

केरळची सहल म्हटली की आपल्याकडील प्रवासी कंपन्या मुन्नारचे चहाचे मळे, थेक्कडीचे अरण्य आणि आलप्पुळ्याची नौका असा पाच-सहा दिवसांचा कार्यक्रम हाती ठेवतात. कोचीच्या वाट्याला त्यात विमानतळावर उतरल्यानंतरची एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची घाईची सकाळ येते. व्यापारी घराण्यातील कुटुंबाने हा क्रम उलटा करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. डोंगर आणि धुके आपणांस महाबळेश्वरलाही भेटते. परंतु सहा-सात शतके मालाच्या खरेदी-विक्रीवरच उभे राहिलेले आणि ज्याच्या गल्ल्यांतून आजही सुंठीचा व मिरीचा वास येतो, असे बंदर भारतात फारसे उरलेले नाही. कोचीला किमान तीन पूर्ण दिवस द्यावेत, आणि त्यांतील एक केवळ मट्टांचेरीसाठी राखून ठेवावा.

या बंदराचा उदय एका आपत्तीतून झाला. प्राचीन काळी मलबारची मिरी कोडुंगल्लूरजवळच्या मुझिरिस बंदरातून रोमला जात असे. भारतातील मालापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्सेस देशाबाहेर जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवून ठेवली आहे. व्हिएन्ना येथे जपलेल्या दुसऱ्या शतकातील एका पपायरसावर मुझिरिसच्या व्यापारासाठी दिलेल्या कर्जाचा करार आहे. त्याच्या पाठीमागे ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजातील मालाची किंमत लावलेली आहे. कर्ज कोणत्या मालावर, परतफेड केव्हा, माल कोणाच्या ताब्यात राहील, हे सारे त्यात आहे. आपल्या जुन्या पेढ्यांवरील चोपडे ज्यांनी उघडून पाहिले आहेत, त्यांना तो मजकूर परका वाटणार नाही. पुढे 1341 साली पेरियार नदीला महापूर आला, मुझिरिसकडील मुख गाळाने भरले आणि दक्षिणेस कोचीची खाडी जहाजांना खुली झाली. बंदर गेले तसे व्यापारीही नव्या बंदराकडे सरकले.

पुढील इतिहास शाळेच्या पुस्तकातून बहुतेकांना ठाऊक आहे. 1500 साली पोर्तुगीज येथे आले, 1503 मध्ये त्यांनी किल्ला बांधला. 1663 मध्ये डचांनी त्यांना हुसकावले आणि 1795 मध्ये इंग्रजांनी डचांना. फोर्ट कोचीतील सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाच्या थडग्याची शिळा आहे. 24 डिसेंबर 1524 रोजी तो याच शहरात मरण पावला. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला नेण्यात आले, म्हणून पाहावयाची ती रिकामी जागा. मुले सोबत असतील तर तेथे दहा मिनिटे थांबून पुढे निघावे.

खरे कोची दोन-तीन किलोमीटर पुढे मट्टांचेरीत आहे. येथील बाजार रस्त्यावर वखारींची रांग लागते. तिची रचना व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी न्याहाळण्याजोगी आहे. वखारीचे एक दार रस्त्याकडे उघडते आणि मागचे दार थेट खाडीच्या पाण्याकडे. डोंगरावरून आलेला माल पुढून आत यावा, अंगणात वाळावा, चाळला जावा, पोत्यांत भरला जावा आणि मागून पडावावर चढावा, अशी ती व्यवस्था होती. आज मोठ्या जहाजांचा माल वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलवरून जातो. त्यामुळे मागची दारे बहुतेक बंद असतात. तरी काही अंगणांतून सुंठ पसरलेली दिसते. चुन्याने पांढरी केलेली सुंठ निराळी आणि न केलेली निराळी, हा भेद तेथील गुमास्ता हातात घेऊन दाखवू शकतो. मुलांना येथे आणखी एक गोष्ट सांगता येईल. आपल्या घरी ओले आले कंदमूळ म्हणून वर्ज्य असते, पण सुंठ बहुतेक घरांत चालते. तो फरक कशामुळे, हे शब्दांत समजावण्यापेक्षा ओल्या आल्याचे ढीग आणि वाळलेल्या सुंठीची पोती शेजारी-शेजारी दाखवल्यास लवकर कळते.

मिरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक वाचक येथून ती घेऊनच परततील. हिरवे घोस उन्हात वाळले की त्यांचीच काळी मिरी होते. साल काढून टाकली की पांढरी. ‘मलबार गार्बल्ड’ आणि ‘तेल्लिचेरी गार्बल्ड’ ही नावे पोत्यांवर दिसतील. ‘गार्बल’ हा शब्द चाळणीसाठीच्या अरबी शब्दावरून आला, म्हणजे ‘गार्बल्ड’ मिरी ही चाळून निवडलेली मिरी. तेल्लिचेरीतील सर्वांत वरच्या प्रतीचा दाणा 4.75 मिलिमीटरच्या चाळणीवर थांबणारा असतो. घाऊक बाजारात आणखी एक कसोटी चालते. एक लिटरच्या मापात किती ग्रॅम मिरी बसते, ते पाहून 500, 550 असे आकडे बोलले जातात. आकडा जितका मोठा तितका दाणा भरीव. घरगुती खरेदीत हे माप कोणी काढून दाखवणार नाही, पण मूठभर दाणे पाण्यात टाकून पाहता येतात. भरीव मिरी तळाशी बसते, पोकळ दाणे आणि पपईच्या बिया वर येऊ लागतात. रस्त्याच्या कडेला पर्यटकांसाठी रंगीत पुड्यांत बांधलेला ‘मसाला संच’ सहसा घेऊ नये. चार पावले आत वखारीकडे जावे.

येथील ज्यू टाऊन रस्त्यावर मिरीच्या वायद्यांचा बाजार होता. 1957 साली स्थापन झालेल्या व्यापारी संघटनेच्या दालनात दलाल ओरडून भाव पुकारीत आणि त्या भावाकडे दूरदूरच्या खरेदीदारांचे लक्ष असे. पुढे संगणक आले, व्यवहार अन्यत्र गेले आणि दालन शांत झाले. आज जगात सर्वाधिक मिरी व्हिएतनाममध्ये पिकते, आणि भारतात कर्नाटकातील कोडगूच्या मळ्यांनी केरळला मागे टाकले आहे. स्वस्त आयातीला आवर घालण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये किलोमागे 500 रुपये ही किमान आयात किंमत ठरवली. कोचीतील जाणत्या व्यापाऱ्याशी बोलणे निघाले की विषय फिरून याच आकड्यावर येतो. अशा गप्पांसाठी वेळ ठेवावा. पर्यटन खात्याच्या पत्रकात तो कार्यक्रम छापलेला नसतो.

याच रस्त्याच्या टोकाशी 1568 साली बांधलेले परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. आत जाताना पादत्राणे बाहेर काढावी लागतात, ही येथील ज्यूंची जुनी रीत. जमिनीवर चीनमधील कँटनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. 1760 साली इझिकिएल रहाबी या व्यापाऱ्याने उभारलेल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर बाजूगणिक निराळ्या लिपीतील आकडे दिसतात. कारण वेळ पाहणारे लोकही निरनिराळे होते. सिनेगॉगला लागूनच राजवाड्याचे आवार आणि त्यातील देवीचे मंदिर आहे. ज्यूंना ही जागा कोचीच्या राजाने दिली. महाराष्ट्रातील वाचकांना आणखी एक दुवा जवळचा वाटेल. अलिबाग-रेवदंड्याकडील ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्रायल समाजाला धर्मशिक्षण देण्यासाठी शिक्षक गेले, त्यांत कोचीचे ज्यू होते.

1968 साली या प्रार्थनामंदिराची चारशे वर्षे साजरी झाली, तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या. परंतु तोवर समाजाचा मोठा भाग इस्रायलला निघून गेला होता. कोणी हाकलले म्हणून नव्हे. पोर्तुगीजांचा काळ वगळता शतकानुशतके येथे त्यांना कोणी त्रास दिला नव्हता. तरुण गेले, मग त्यांच्यामागे वडीलधारी गेले. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. ती संख्या भरेनाशी झाली. आज वास्तू उत्तम स्थितीत आहे, तिकीट आहे, रखवालदार आहे, झुंबरे चकाकतात. बाहेरच्या घरांवर अजूनही जुन्या कुटुंबांच्या खुणा आहेत आणि तळमजल्यांवर काश्मिरी गालिचे व पुराणवस्तूंची दुकाने थाटली आहेत.

येथून पायी किंवा रिक्षाने थोडे पुढे गेले की गुजराती रस्ता लागतो. कच्छ आणि सौराष्ट्रातून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलेली ही पेठ. त्यांत जैन होते, वैष्णव होते. सुंठ, मिरी, खोबरे, सुपारी हा त्यांचा माल. रस्त्यावर गुजराती पाट्या आहेत, गुजराती समाजाची शाळा आहे, फरसाणाची दुकाने आहेत. आणि आहे 1904 साली उभे राहिलेले श्री धर्मनाथ भगवानांचे देरासर. पंधराव्या तीर्थंकरांचे हे मंदिर गुजराती शैलीतील पांढऱ्या शिखरांचे आहे. नारळीच्या झावळ्यांमधून ते शिखर प्रथम दिसते तेव्हा पालिताण्याच्या वाटेवरील एखादे मंदिर कोणी उचलून येथे आणून ठेवले असावे, असा भास होतो. सेवा-पूजा करावयाची असेल तर पूजेची वस्त्रे घरूनच न्यावीत आणि सकाळी लवकर जावे. दुपारच्या सुमारास आवारात कबुतरांना दाणे घातले जातात, ते पाहण्यास परदेशी प्रवासीही जमतात. मुंबईतील कबुतरखान्यांवरून नुकताच झालेला वाद वाचकांच्या स्मरणात असेलच. ज्यांना दमा किंवा श्वसनाचा त्रास आहे त्यांनी येथेही थोडे दूरच उभे राहावे. जीवदयेला त्याने बाध येत नाही.

दर्शनानंतर येथील श्रावकांशी दोन शब्द बोलावेत. बोलणे बहुधा मुलांवर येते: कोण बेंगळुरूला, कोण दुबईला, कोण आणखी दूर. हे केवळ कोचीचे नाही. नगर, बार्शी, लातूर, मलकापूर, कोणत्याही बाजारपेठेतील आपल्या घरांत आज हेच बोलले जाते. प्रक्षाल-पूजेसाठी पगारी पुजारी ठेवता येतो, जीर्णोद्धाराला देणगी दूरदेशाहूनही येते. पण पर्युषणात प्रतिक्रमणाला कटासण टाकून बसणारी माणसे आणायची कोठून? ज्यू गल्लीतून चालून आलेल्या माणसाला हा प्रश्न गुजराती रस्त्यावर पोहोचेपर्यंत आपसूक पडतो. म्हणून या दोन गल्ल्या एकाच दिवशी, याच क्रमाने पाहाव्यात. आणि दर्शन घेऊन लगेच गाडीत बसण्याऐवजी, शक्य असल्यास संध्याकाळच्या आरतीपर्यंत थांबावे. बाहेरगावचे एक कुटुंब आरतीला उभे राहिले, तर तेथील वृद्धांना ते आवडते.

मट्टांचेरीचा राजवाडा मात्र चुकवू नये. 1555 च्या सुमारास पोर्तुगीजांनी तो बांधून राजाला दिला, पुढे डचांनी दुरुस्त केला म्हणून नाव ‘डच पॅलेस’. आतील रामायणाच्या भित्तिचित्रांचे रंग आजही टिकून आहेत. राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शनिवारी. तेव्हा हे दोन वार टाळूनच बेत आखावा.

मराठी माणसासाठी या शहरात एक अनपेक्षित ठेवा आहे. पोर्तुगीज छळाला कंटाळून गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबे सोळाव्या शतकात येथे स्थिरावली. त्यांचे तिरुमल देवस्थान मट्टांचेरीतच आहे आणि त्या वस्तीत कोकणी आजही कानी पडते. डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी पंडितांनी त्यास साहाय्य केले. पहिल्या खंडात या तिघांचे प्रमाणपत्र देवनागरी लिपीत, कोकणी भाषेत छापले आहे. मुंबईत देवनागरी छपाई सुरू होण्याच्या कितीतरी आधी आपली लिपी युरोपात छापली गेली, ती कोचीतून गेलेल्या कागदामुळे.

आता फोर्ट कोचीच्या किनाऱ्याविषयी. शहराची जी छायाचित्रे आपण पाहतो ती ‘चिनी जाळ्यां’ची असतात. सागवान आणि बांबूच्या प्रचंड तराफ्यासारखी ती रचना, एका टोकाला दोरांनी लटकवलेले दगड, आणि पाण्यात बुडणारे-वर येणारे जाळे. यंत्रविद्येचा नमुना म्हणून ती खरोखर अद्भुत आहेत, आणि मावळतीच्या प्रकाशात सुंदरही दिसतात. परंतु ती मासेमारीची साधने आहेत, शेजारीच मासळीचा बाजार भरतो, आणि मार्गदर्शक उत्साहाने प्रवाशांना जाळे ओढण्यास बोलावतात. आपण दुरून पाहावे. ओढण्यास हात लावू नये, आणि मुलांनी कारण विचारल्यास ते टाळू नये. त्या कोळ्यांविषयी तुच्छतेचा एकही शब्द मात्र मुलांच्या कानी पडू देऊ नये. पिढ्यान्‌पिढ्या कष्ट करून जगणारी ती माणसे आहेत. सूर्यास्तच पाहावयाचा असेल तर वायपीन बेटावरील चेराईचा स्वच्छ किनारा अधिक बरा. एर्नाकुलमचा मरीन ड्राइव्ह ज्याने मुंबईचा पाहिला आहे त्याने सोडून दिला तरी चालेल.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला मोटारीने जाण्यापेक्षा पाण्याने जावे. सरकारी फेरीबोट अत्यल्प भाड्यात नेते आणि एप्रिल 2023 पासून विजेवर चालणारी वॉटर मेट्रोही आहे. तिच्या नौका कोचीच्याच जहाजबांधणी कारखान्यात तयार झाल्या. विमानवाहू ‘विक्रांत’ त्याच कारखान्यात बांधली गेली. 2 सप्टेंबर 2022 रोजी ती नौदलात दाखल झाली त्याच समारंभात, शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला नौदलाचा नवा ध्वज प्रथम फडकला. वाटेत विलिंग्डन बेट दिसते. रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना निघालेल्या गाळाच्या भरावातून हे बेट घडवले गेले.

भोजनाचा प्रश्न आपल्या वाचकांना सर्वांत आधी पडतो, हे ठाऊक आहे. शाकाहारी उपाहारगृहे एर्नाकुलममध्ये भरपूर आहेत, पण ‘शाकाहारी’ म्हणजे कंदमूळविरहित नव्हे. अवियल आणि कालनमध्ये सुरण असतो, सांबारात कांदा. ओलन हा कोहळ्याचा व चवळीचा नारळाच्या दुधातला पदार्थ सहसा चालण्यासारखा. तरीही आले घातले आहे का, हे विचारून घ्यावे. न्याहारीस पुट्टू, म्हणजे वाफवलेले तांदळाचे पीठ आणि नारळ, सोबत उकडलेले नेंद्रन केळे. केळीच्या पानातली गुळ-खोबऱ्याची अडा तर उकडीच्या मोदकाची बहीणच. चौविहार पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बहुतेक हॉटेलांची स्वयंपाकघरे त्यानंतर जागी होतात. पाच वाजता गुजराती रस्त्यावर जेवून घ्यावे आणि मग निवांतपणे कथकली पाहण्यास जावे. प्रयोगाआधी नट रंग चढवीत असतात, तेही पाहू देतात. आलप्पुळ्याच्या नौकेवर रात्र काढण्यापूर्वी चुलीची चौकशी करावी. त्याच भांड्यांत मासळी शिजत असते. दिवसाची फेरी घेऊन परतणे सोयीचे. त्या गावातही गुजराती व्यापाऱ्यांची जुनी गल्ली आणि जैन मंदिर आहे.

काळ कोणता निवडावा? जूनच्या आरंभीच पाऊस केरळात उतरतो आणि आपला चातुर्मासही त्याच दिवसांत सुरू होतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. पनवेल-कल्याणहून कोकण रेल्वेने मंगला किंवा नेत्रावती एक्स्प्रेस थेट एर्नाकुलमला पोहोचवते. घरचा डबा, खाखरे आणि उकळलेले पाणी सोबत नेणाऱ्यांना विमानापेक्षा तीच सोयीची.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेरुंबावूरजवळच्या कल्लिल येथे जावे. झाडीतल्या पायऱ्या चढून गेल्यावर एका प्रचंड शिळेखाली लेणे आहे. आत भगवान पार्श्वनाथ, भगवान महावीर आणि पद्मावती देवी यांच्या शिळेत कोरलेल्या प्रतिमा आहेत. गुजराती व्यापारी येथे येण्याच्या कित्येक शतके आधी केरळात जैन धर्म नांदत होता, त्याची ही खूण. ‘शिलप्पदिकारम्’ या तमिळ महाकाव्याचे कर्ते इळंगो अडिगळ हे चेर राजकुळातील जैन मुनी होते, असे परंपरा मानते. कल्लिलला आज भगवती म्हणून देवीची हिंदू पद्धतीने पूजा होते आणि आसपासचे गावकरी तिची मनोभावे सेवा करतात. तेथे वाद न घालता, त्यांच्या रीतीप्रमाणे दर्शन घ्यावे. केरळच्या अनेक मंदिरांत पुरुषांना सदरा काढून जावे लागते, म्हणून खांद्यावर उपरणे असू द्यावे. दुपारी मंदिरे बंद होतात, तेव्हा न्याहारी आटोपून आठच्या आत कोचीहून निघालेले बरे.